न्हाणीतली दांडी

बोल्ट घट्ट होत आला की पान्यातून हाताला कळतं. आधी तो सहज फिरतो, मग जड होतो, आणि मग भिंत त्याला धरते. भिंतीनं धरलं की मी थांबतो. बोईसरला आल्यापासून माझं पोट याच कामावर चाललंय, त्यामुळं डोळे मिटूनही मला ते कळतं.

शिरगावच्या न्हाणीत भिंतीनं धरलंच नाही. मी पाना फिरवत राहिलो, बोल्ट फिरत राहिला, आणि भोकातून लाल पूड माझ्या मनगटावर पडत राहिली. तेव्हा माझ्यासोबत न्हाणीत कुणी नव्हतं. पुढं जे झालं ते मी लिहून काढतोय, कारण तोंडी सांगताना मी दरवेळी स्वतःला थोडं सोडवून घेतो, असं माझ्या लक्षात आलंय.

मी हिंगोलीकडचा. सातवी झाली. आठवीत नाव घातलं होतं, पण वर्गात बसलो नाही. गावातल्या एका टोळीबरोबर इकडं आलो आणि कंपन्यांमध्ये पाइप, ट्रे, ब्रॅकेट बसवणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. त्याला आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो. तो उत्तरेकडचा, त्याचं मराठी तिखट आणि हिंदी त्याहून. त्याचा एकच नियम होता. ज्यानं भिंतीत काही ठोकलं, त्यानं आधी स्वतः त्याला लटकायचं. "जिसने ठोका, वो लटकेगा. उसके बाद दुनिया लटके." कुणी कॅलेंडरसाठी खिळा मारला तरी तो लांबून विचारायचा, "लटका क्या?" आम्ही हसायचो, पण लटकायचो. त्याच्या हाताखालचं एकही ब्रॅकेट खाली आलेलं मला माहीत नाही.

शिरगावच्या काका-काकूंची ओळख कामातूनच झाली. त्यांच्या घरामागच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत एक लोखंडी चौकट बसवायची होती, तेवढ्यासाठी मी एका रविवारी गेलो होतो. लॉकडाऊन लागलं आणि कंपनी बंद पडली. ठेकेदाराचा फोन लागेना. बोईसरजवळ सरावलीच्या खोलीत आम्ही सहा जण राहायचो, त्यातले पाच जण मिळेल त्या वाटेनं गावाकडं निघाले. मला ताप होता म्हणून मी मागं राहिलो. पाचव्या दिवशी काकांचा फोन आला. त्यांना फक्त पंपाचं विचारायचं होतं. माझा आवाज ऐकला आणि पंपाचं राहूनच गेलं. म्हणाले, "ताप उतरला की चालत ये. कोन इचारलं तर सांग, वाडीत पानी सोडायला जातो."

अडीच महिने मी त्यांच्या पंपाच्या खोलीत राहिलो. पहिले काही दिवस काकू ताट ओट्यावर ठेवून लांब उभ्या राहायच्या. मग उंबऱ्याच्या आत बोलावलं. मग एके दिवशी चुलीपाशी पाट मांडला आणि म्हणाल्या, "आता काय व्हायचा तो होऊ दे, रोज वाकून माजी कंबर गेली." घरी आईला फोन लावायचा तोही त्यांच्याच मोबाइलवरून, कारण माझं रिचार्ज संपलं होतं. आई रडायची आणि काकू तिला समजवायच्या. दोघींना एकमेकींची बोली निम्मी कळायची, तरी अर्धा तास चालायचं.

त्या दिवसांत मी काकांना उस्तादचा नियम सांगितला. त्यांना तो फार आवडला. मी वाडीत जे जे बसवलं, त्याला काकांनी मला लटकवलं. कपड्यांच्या दोरीचा हुक, विहिरीवरची कप्पी, देवघरातली फळीसुद्धा. फळीला मी फक्त दोन हात लावले तर म्हणाले, "ते लटकनं नाय, ते नमस्कार झाला."

एवढं सगळं झाल्यावर, मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी काका वाडीत पाटाच्या कडेला घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. पालघरला ऑपरेशन झालं. घरी आले ते चार पायांची चौकटीची काठी, वॉकर, धरून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की न्हाणीत बसता-उठताना धरायला दांडी पाहिजे, आता परत पडले तर कठीण आहे. त्यांच्या मुलीनं वसईहून स्टीलची दांडी पाठवली. काकूंनी मला फोन केला, "कोनाकडून बसवून घेऊ?" मला राग आला. म्हटलं, "मी मेलो का?"

तो माझा पहिला मूर्खपणा. दुसरा म्हणजे, दांडीच्या खोक्यात लांब स्क्रू आणि नायलॉनचे प्लग होते ते मी बाजूला सारले. मला ते खेळण्यासारखे वाटले. माझ्या पिशवीत कंपनीच्या कामातून उरलेले जाड फास्टनर होते. बोल्ट आवळला की त्याच्याभोवतीची पत्र्याची बाही फुगते आणि भोकाच्या चारी बाजूंना रेटते. काँक्रीटमध्ये त्याच्यासारखं दुसरं काही नाही. या घरासाठी माझ्याकडचं सगळ्यात भारी सामान लावायचं, असं मी ठरवलं होतं.

पण ती न्हाणी विटेची. खाडीजवळच्या मातीची जुनी वीट, वर सिमेंटचा गिलावा. खालच्या बाजूनं भिंतीला लोणा लागलेला; गिलाव्याला फुगवटे आले होते आणि बोट लावलं की मिठासारखी पांढरी भुकटी यायची. हे मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं म्हणायला मला जागा नाही. ड्रिल मशीन मी ठोक्यावरच ठेवलं, म्हणजे फिरता फिरता ते हातोडीसारखं ठोकतं, कारण कंपनीत ते कायम ठोक्यावरच असतं. वीट आतल्या आत फुटत होती आणि मी जोर लावत होतो.

दांडीच्या दोन टोकांना तीन-तीन भोकं. आतल्या टोकाचे तीन बोल्ट बसले, किंवा बसले असं वाटलं. दाराकडच्या टोकाचे तिन्ही फिरत राहिले. विटेत गोष्ट उलटी होते. जेवढं आवळावं तेवढी बाही फुगते, वीट भरडते, आणि भोक मोठं होत जातं. मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं असं नाही. उस्तादनं एकदा सांगितलं होतं, पण आमच्या वाट्याला विटेचं काम आलंच नव्हतं.

मग मी जे केलं ते असं. काडेपेटी मागवली. भोकात काड्या ठासल्या, वर दोन रंगांची लांबी, कडक होणारी पुट्टी, मळून भरली, बोल्ट त्यात दाबले आणि ती कडक होईपर्यंत दांडीला टेकून उभा राहिलो. वरून कपड्यानं पुसलं. दांडी चकाकत होती. हातानं हलवली तर हलली नाही. फार जोरात मी हलवली नाही.

काकू बाहेरून म्हणाल्या, "झाला का? ताट वाढलंय."

काका ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी हात पुसत आलो तसे हसून म्हणाले, "लटकलास का?"

"हो. लटकलो ना."

काका परत हसले. "पाय उचलून?"

"पाय उचलून."

ताटात भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. काकूंनी मला दोनदा वाढलं. मी जेवलो. तेही सांगितलं पाहिजे. मी पोटभर जेवलो.

सरावलीला आलो आणि त्या दिवसापासून माझा हात पान्यावर नीट चालेना. कामावर एखादा बोल्ट घट्ट झाला की मला न्हाणी दिसायची. मी काकूंना एक दिवसाआड फोन करायला लागलो. काकांची तब्येत, वाडी, पाऊस असं सगळं विचारून शेवटी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "दांडी वापरतात ना?"

"वापरतात रे. तुजं रोज नाव निगतं."

"जास्त भार नका देऊ म्हणावं. पाय नवा आहे."

"दांडी कशाला लावली मग? शोभेला?"

यावर मी हसायचो. सांगून टाकावं असं दर वेळी ठरवायचो आणि दर वेळी गाडी आईच्या गुडघ्यावर किंवा गावाकडच्या सोयाबीनवर जायची. मला भीती काकांच्या रागाची नव्हती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या घरात मी एकाच गोष्टीनं मोठा होतो. शिक्षण नाही, पैसा नाही, जातगोत लांबचं. पण या पोराचं काम पक्कं, असं तिथं मानलं जायचं. तेवढं गेलं असतं तर माझं तिथं काय उरलं असतं, ते मला कळत नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचं हाड मी त्यापुढं तोलत होतो. असं लिहिलं की वाचवत नाही, पण तसंच होतं.

पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी काकू बोलता बोलता म्हणाल्या, "उद्यापासून आमचं जरा कठीन हाय. मावशी गावाला जाते, आवनीला."

मावशी म्हणजे त्यांच्या वाडीत कामाला येणारी बाई. डोंगराकडच्या पाड्यावरची. पावसात भाताची लावणी असली की महिनाभर आपल्या शेतावर जाते, बाकी वर्ष वाडीत. काका पडल्यापासून घरातही मदत करायची.

"कठीण कसं?" मी विचारलं.

"अरे, आंगोळीला तीच धरते ना यांना. एक हात तिच्या खांद्यावर, एक दांडीला. आता उद्यापासून तुजी दांडीच."

मी फोन ठेवला. उस्ताद दोन गल्ल्या सोडून राहतो, तसाच त्याच्याकडं गेलो. तो पीठ मळत होता. मी सगळं सांगितलं, काड्यांपर्यंत. तो मळतच राहिला. मग एवढंच विचारलं, "लटका था?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मतलब तेरे को मालूम था." त्यानं हात धुतले. "फास्टनर लावला विटेत. ऊपर से माचिस. दिवाळी करायची होती काय रे तिथं?"

मग माझ्याकडं न बघता त्यानं पेटी उघडली. भिंतीच्या आरपार जाईल एवढा लांब बिट, आटे पाडलेल्या सळईचे सहा तुकडे, नट, आणि हातभर लांब दोन लोखंडी पट्ट्या काढून दिल्या. खाऱ्या विटेवर आतून कशाचाच भरवसा धरायचा नाही, म्हणाला. वीट चांगली असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा ठोका बंद करून हळू भोक पाडायचं, पूड फुंकून काढायची, गिलाव्याच्या पुढं विटेच्या मधोमध लांब प्लग जाऊ द्यायचा, सांध्यात नाही. पण इथं सळई आरपार घाल आणि बाहेरून पट्टीवर आवळ, म्हणजे भार एका विटेवर न येता भिंतीवर येईल. "और सुन. पहले बोलना, बाद में मशीन निकालना. उलटा मत करना."

सकाळी पहिल्या गाडीनं पालघर, तिथून रिक्षानं शिरगाव. काका किती वाजता अंघोळीला जातात ते मला पाठ होतं. वाटेत फोन केला असता तर एका वाक्याचं काम होतं, "आज दांडी धरू नका." केला नाही. तोंडावर सांगायचं म्हणून केला नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. रिक्षा पुलावर थांबली तेव्हा मात्र मी फोन काढला, तर काकूंनी उचलला नाही. तेवढा अर्धा तास मला अजून आठवतो.

पोचलो तेव्हा काका ओट्यावर, खांद्यावर पंचा टाकून चौकटीच्या काठीला टेकले होते. न्हाणीत पाणी काढलेलं होतं. मावशी पायरीवर बसली होती, बाजूला कापडाचं गाठोडं आणि वर कोयता. तिची गाडी अजून यायची होती.

"काका, थांबा," मी म्हणालो. "आत जाऊ नका."

"का रे, काय झाला?"

"मी लटकलो नव्हतो."

त्यांना पटकन कळलं नाही. मग मी सांगितलं. उभ्यानं, चपला न काढता, पिशवी खांद्यावर तशीच. बोल्ट फिरत होते, काड्या भरल्या, वर लांबी लावली, आणि खोटं बोलून जेवलो. काकू दारात येऊन ऐकत होत्या. त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली.

मावशी म्हणाली, "मला म्हाईत हाय ते."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"रोज सकाळी दांडीखाली लाल पूड पडायची. मीच झाडायची. तिसऱ्या दिशी मी हात लावून बगितला. ती दांडी बोलते, कुई कुई."

काकू म्हणाल्या, "मग बोललीस का नाय गं?"

"बोलून काय? पोरानं दोन तास खपून लावली. तुमी फोनवर एवडी त्याची तारीफ करता. मी म्हनला, फरशी निसरडी हाय सांगून आपुन धरू म्हाताऱ्याला, हाय काय नि नाय काय. काल मातर झोप नाय लागली. म्हनून बसून हाय हितं. सांगूनच जानार होती." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बरा झाला आलास. माज्या तोंडून गेला नाय."

पंधरा दिवस मी सरावलीत बसून घाबरत होतो आणि ती रोज माझी पूड झाडून, काकांचा भार स्वतःच्या खांद्यावर घेत होती. फरशी निसरडी आहे, असं त्यांना सांगून. मला तिच्याकडं बघता येईना.

काका शेवटी बोलले. "बोल्ट आनलेस काय?"

मी उस्तादचं सामान दाखवलं. भिंतीच्या आरपार जायचं, बाहेरून पट्टी.

"मग उबा का? पानी थंड व्हतंय."

दांडी काढायला काहीच लागलं नाही. दाराकडचं टोक मी दोन्ही हातांनी ओढलं आणि ते काड्यांसकट हातात आलं. काका दारातून बघत होते. ते टोक कसं आलं हे त्यांनी पाहिलं, आणि मग काठी फिरवून ओट्यावर जाऊन बसले.

न्हाणीची मागची बाजू वाडीत उघडते. तिथं गिलावा नाही, नुसती वीट. मी आतून मापं घेऊन बाहेर खुणा करत होतो, तर मावशी कोयता घेऊन आली आणि त्याच्या मुठीनं एकेक वीट ठोकायला लागली. ती आणि तिचा नवरा बरीच वर्षं वाडा तालुक्याकडं वीटभट्टीवर जायचे. तिनं हातानं विटा थापलेल्या. ठोकायची आणि कान द्यायची. "ही भट्टीच्या कडेची, कच्ची. ही नको. ही पन नको. ही बग, मदल्या थरातली हाय, भाजलेली." मला आधी फरक कळेना. मग तिनं दोन विटा लागोपाठ ठोकल्या. एक भद्द वाजली, दुसरी खण्ण. दाराकडच्या टोकाचे फास्टनर मी ज्या विटांत घातले होते त्या सगळ्या भद्द होत्या. तिथं तिनं कोयता जरा जास्त वेळ ठेवला, एवढंच.

तिनं दाखवलेल्या विटा जुळाव्यात म्हणून दांडी आम्ही वीतभर वर आणि थोडी आत सरकवली. काकूंनी काकांना खुर्चीसकट आणून उंची पाहिली. मी मशीनचा ठोका बंद केला. लांब बिट हळू हळू गेला. आधी गिलाव्याची राखाडी पूड, मग लाल, आणि शेवटी भिंतीतून वाडीतला उजेड दिसला. सहा भोकं. प्रत्येकात काकूंच्या सायकलच्या पंपानं हवा मारली. सळया घातल्या, बाहेर पट्ट्या बसवल्या, आत-बाहेर नट चढवले. भिंतीनं धरलं तिथं थांबलो. मावशीची एक गाडी तोवर निघून गेली होती. पुढची दुपारी होती. ती म्हणाली, "भात काय पळत नाय." पण तिच्या घरी लावणीला माणसं थांबली असणार, हे मला माहीत होतं.

मग मी लटकलो. कमरेएवढ्या उंचीच्या दांडीला लटकायचं म्हणजे दोन्ही हातांनी धरून खाली बसायचं आणि पाय वर ओढून घ्यायचे. उकिडवा लोंबकळणारा माणूस काही चांगला दिसत नाही. तिघंही दारातून बघत होते. कुणी हसलं नाही. मी मनात साठापर्यंत मोजलं आणि पाय टेकले.

काका म्हणाले, "अजून."

मी परत लोंबकळलो. या वेळी ते मोजत होते, मोठ्यानं, आणि साठावर थांबले नाहीत. माझे हात थरथरायला लागले तेव्हा म्हणाले, "बस."

काकूंनी पाणी परत तापवलं. काका आत गेले आणि मला म्हणाले, "तू भायेर थांब. मला कोन नको आत." दार लोटून घेतलं.

मी वळसा घालून वाडीच्या बाजूला गेलो. मावशी तिथंच उभी होती, गाठोडं डोक्यावर घेऊन. मी दाराकडच्या टोकाच्या पट्टीवर तळहात ठेवला. आतून तांब्याचा आवाज येत होता, पाणी पडत होतं. मग पाण्याचा आवाज थांबला. काका उठत असणार. पट्टीतून एक बारीकसा ताण हाताला लागला, भिंतीपलीकडून कुणी हळूच ओढावं तसा. तो वाढत गेला, आणि त्यांचा सगळा भार त्यावर आला.

पट्टी हलली नाही. मावशीनं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि रस्त्याकडं चालायला लागली. आत काका उभे राहिले, दाराची कडी वाजली, काकूंनी पंचा दिल्याचं ऐकू आलं. मी हात तिथंच ठेवून उभा होतो.